साम्राज्ये गेली, शब्बाथ राहिला

महाराष्ट्र शासनाने जून २०१६ मध्ये यहुदी समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. मात्र केंद्र सरकारने १९९२ च्या कायद्यान्वये अधिसूचित केलेल्या सहा समाजांत ख्रिस्ती आहेत, यहुदी नाहीत. ज्यांची स्तोत्रे आपण दर रविवारी मिस्साबलिदानात म्हणतो, त्या बांधवांची ही स्थिती विचार करावयास लावणारी आहे.

परक्या सत्तांखाली जगणे या समाजास नवे नाही. अश्शूरने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेचे इस्राएल राज्य बुडविले. बाबेलने इ.स.पू. ५८६ मध्ये जेरुसलेमचे मंदिर जाळून लोकांना बंदिवासात नेले. पर्शियाच्या कोरेश राजाने त्यांना परतीची वाट मोकळी केली. पुढे ग्रीक राजा चौथा अंतियोख याने इ.स.पू. १६७ मध्ये मंदिर भ्रष्ट करून शब्बाथ व सुंता यांवर बंदी घातली. मक्काबींच्या ग्रंथांत ही हकीकत आहे. अखेर इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले.

अंतियोखाच्याच छळातून निसटलेल्यांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले व सात जोडपी वाचली, असे बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सिद्दी, आंग्रे, पेशवे, इंग्रज असे राज्यकर्ते बदलत गेले. धर्मग्रंथ हरपला, हिब्रू भाषा विसरली. तरी सुंता, शब्बाथ आणि ‘शेमा’ ही प्रार्थना घरोघरी टिकली. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी उभारले, तोवर घर हेच त्यांचे मंदिर होते.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. तेथेही त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेतली गेली. दीर्घ आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य केले.

शासनमान्यता आवश्यक आहे; न्यायाचा तो भाग आहे आणि तिच्यासाठी यहुदी बांधवांच्या पाठीशी उभे राहणे आपले कर्तव्य आहे. परंतु मान्यतेने हक्क मिळतात, श्रद्धा मिळत नाही. शतकानुशतके धर्मगुरूंवाचून ज्यांनी एक प्रार्थना जपली, त्यांचा इतिहास विखुरलेल्या धर्मग्रामांतील आपल्या कुटुंबांना एकच प्रश्न विचारतो: आपल्या घरातील संध्याकाळची प्रार्थना मुलांना तोंडपाठ आहे काय?