पाय प्लास्टरमध्ये, हप्ता चालू

चाकण-भोसरीला कंपनीत पाच-सात वर्षं काढून परत आलेली पोरं आता बार्शीत गल्लोगल्ली दिसतात. कुणी फॅब्रिकेशनचं शेड टाकलंय, कुणी फ्रिज-एसी दुरुस्ती करतो, कुणी प्लंबिंग, कुणी वायरिंग. आपणच त्यांना सांगत होतो की नोकऱ्या मागू नका, धंदा करा. उद्घाटनाला नेते आले, फ्लेक्स लागले. छान. पण यातला एखादा पाचव्या महिन्यात घोड्यावरून पडला तर पुढे काय होतं, हे मी गेले दोन महिने जवळून बघतोय. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

नाव लिहीत नाही, त्यानंच नको म्हटलंय. आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, वय तिशीच्या आत. एका घराच्या छताचं वायरिंग करताना पडला आणि टाचेचं हाड मोडलं. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं, दवाखान्याचा खर्च निघाला. त्याबद्दल सरकारला पूर्ण मार्क, उगाच टीका करणार नाही. पण डॉक्टर म्हणाले, तीन महिने पाय टेकवायचा नाही. इलेक्ट्रिशियननं पाय टेकवायचा नाही म्हणजे शटर बंद. गाळ्याचं भाडं मात्र चालू, मुद्रा कर्जाचा हप्ता चालू, घरी लहान लेकरू. गेल्या आठवड्यात त्यानं हॅमर मशीन विकली. ज्या मशीनवर पोट भरायचं तीच विकून हप्ता भरला. बरा होऊन उठेल तेव्हा काम कशानं करणार?

आता गंमत बघा. हाच पोरगा कंपनीत असता आणि पगार २१ हजारांच्या आत असता, तर ईएसआयसीत असता. कामावर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते. नुसता आजारी पडला तरी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मिळते. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं की हे छत्र गेलं. वर्गणी भरायची तयारी असली तरी त्याला तिथं आत घ्यायला दार नाही.

मग योजना आहेत की, असं लोक म्हणतात. मी एकेक बघितली. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये. मेला तर २ लाख. दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात-पाय गेले तर २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख. मोडलेली टाच तीन महिन्यांत जुळणार असेल तर शून्य. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. सुतार, गवंडी, शिंपी, न्हावी असे १८ व्यवसाय त्यात आहेत. अवजारांसाठी १५ हजार मिळतात, ५ टक्के व्याजानं दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. योजना चांगली आहे, पण इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर त्या १८ मध्ये नाहीत. आणि जे आहेत त्यांनाही अंथरुणाला खिळल्यावर बुडणाऱ्या मजुरीचा एक रुपया त्यात धरलेला नाही.

राहिलं बांधकाम कामगार मंडळ. तिथं नोंदणीला मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज याच्या घरी पंखा, उद्या त्याच्या घरी मोटार, असं काम करणाऱ्याला ९० दिवसांवर सही कोण देणार? खरं तर वायरिंगवाला त्या कायद्यात बसतो. पण भांड्यांच्या संचासाठी लागलेल्या रांगेत मी असे चेहरे बघितलेत की ज्यांनी आयुष्यात पाटी उचलली नसेल. एजंटाला पैसे दिले की ९० दिवस होतात. खरं काम करणाऱ्याचे होत नाहीत.

नवीन माणूस अडकतो तो इथंच, यादीत. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्य सरकारनं १५०० रुपये दिले, ते नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले यांना. ज्याचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं तो घरी बसला. तिकडं ब्रिटननं २०२० मध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्यांना नफ्याच्या ८० टक्क्यांपर्यंत मदत दिली, तेव्हाही आदल्या वर्षाचं रिटर्न नसलेले नवे लोक बाहेरच राहिले. पुढच्या वर्षी, त्यांची रिटर्न आल्यावर, काहींना आत घेतलं. म्हणजे हा रोग एकट्या आपला नाही. पण त्यांनी निदान नंतर दुरुस्ती तरी केली.

आपल्याकडे दुरुस्तीला जागा आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तिच्या कलम ४५ मध्ये असंघटित कामगारांसाठी ईएसआयसीची योजना करण्याची मुभा केंद्राला आहे, आणि असंघटितच्या व्याख्येत स्वयंरोजगारवाला येतो. आता ती योजना करायला पाहिजे. ई-श्रमवर ३० कोटींच्या वर लोकांची नोंद आहे. कार्ड सगळ्यांच्या पाकिटात आहे, त्याचा उपयोग काय, हे मला एकानंही सांगितलेलं नाही.

लोक म्हणतील, पैसे मिळतात म्हटल्यावर अर्धा तालुका प्लास्टर बांधून येईल. येईल, मान्य. पण या पोराचं हाड मोडल्याचा पुरावा सरकारकडेच आहे. ऑपरेशनचे पैसे त्यांनीच दिलेत, एक्स-रे त्यांच्याच पोर्टलवर चढलाय. माझं म्हणणं एवढंच आहे: महात्मा फुले योजनेत हाडाचं ऑपरेशन झालं, ई-श्रम नंबर आहे, तर दिवसाला ३०० रुपये, ६० दिवस, थेट खात्यात. नव्यानं सुरू केलेल्याकडे मागच्या वर्षाचा हिशेब मागू नका, असणारच नाही. वर्षाला दोन-तीनशे रुपये त्याच्याकडूनही घ्या, तो देईल. आणि तेवढे दिवस मुद्राचा हप्ता पुढे ढकला, सिबिल न बिघडवता. बँकेत मी त्याच्यासोबत गेलो होतो. साहेब म्हणाले, माझ्या हातात काही नाही. खरंच नसेल. पण ज्यांच्या हातात आहे ते अधिवेशनात बसतात, आणि आपल्या तालुक्यातून मतं घेऊन जातात. त्यांना टॅग करतोय.

तोवर आपल्या पोरांसाठी दोन गोष्टी. सुरक्षा विम्याचे वीस रुपये मे महिन्याच्या शेवटी कापले जातात, तेव्हा खात्यात तेवढे ठेवा. आणि अपघात पॉलिसी घेताना एजंटाला स्पष्ट विचारा, तात्पुरतं काम बंद पडलं तर आठवड्याला पैसे मिळतात का? काही पॉलिसीत विमा रकमेच्या एक टक्क्याच्या आसपास मिळतात, मर्यादा असते. उत्पन्नाचा पुरावा मागतील, म्हणून पहिल्या वर्षीच रिटर्न भरा, कर बसत नसला तरी. आणि बार्शीत कुणाकडे वापरलेली चांगली हॅमर मशीन पडून असेल तर मला इनबॉक्स करा. पोरगा पुढच्या महिन्यात उभा राहतोय.