डिजिटल पत्त्यांचा खेळ आणि प्रगतीचे मोजमाप

पत्त्यांच्या खेळाविषयी आपल्याकडे बहुधा दोनच मते ऐकू येतात. एक, तो केवळ नशिबाचा खेळ आहे. आणि दुसरे, तो रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. आता हे पत्ते मोबाईलच्या पडद्यावर आले असून आपले कित्येक आजी-माजी विद्यार्थी ते चुरशीने खेळतात. अशा विषयाला स्मरणिकेत जागा द्यावी काय, असा प्रश्न काही ज्येष्ठांच्या मनात येईल. माझ्या मते अवश्य द्यावी. मुले जे खेळणारच आहेत ते त्यांनी विचारपूर्वक खेळावे, एवढे सांगण्याचा अधिकार गणिताच्या शिक्षकाला असावा.

चर्चा हवेत राहू नये म्हणून 'हार्थस्टोन' हा एकच खेळ समोर ठेवतो. ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने तो मार्च २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने १९९३ साली आणलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कागदी पत्त्यांचा खेळ. मेंढीकोटात बावन्न पाने चौघांत वाटली जातात आणि वाट्याला येईल ते खेळावे लागते. येथे प्रत्येक जण आपली गड्डी स्वतः बांधून आणतो. गड्डीत सामान्यतः ३० पाने असतात. एखादे पान फार तर दोनदा, आणि अतिदुर्मीळ पान एकदाच घेता येते. प्रत्येक पाळीला एक स्फटिक वाढतो, तो दहापर्यंत. त्या स्फटिकांच्या मोलाने पाने उतरवायची आणि प्रतिस्पर्ध्याचे ३० प्राणांक शून्यावर आणायचे. विचाराला दर पाळीस सव्वा मिनिट मिळते.

हरलेल्या विद्यार्थ्याला विचारा. 'पानेच आली नाहीत' हे उत्तर ठरलेले. ते काही अंशी खरेही असते, पण किती अंशी, हे मोजता येते. समजा, गड्डीतील एका महत्त्वाच्या पानाच्या दोन प्रती आहेत आणि आरंभी तीन पाने हाती येतात. त्या तिघांत ते पान असण्याची शक्यता शेकडा १९ एवढीच. परंतु आरंभी नको असलेली पाने बदलून घेण्याची मुभा असते. ते पान आले नसेल आणि तिन्ही पाने बदलली, तर एकूण शक्यता शेकडा ३६ च्या आसपास जाते. म्हणजे जवळजवळ दुप्पट. बरे दिसणारे पण महागडे पान 'पुढे लागेल' म्हणून धरून ठेवणारा मुलगा ही दुप्पट संधी स्वतःच्या हाताने नाकारतो आणि मागाहून नशिबाला बोल लावतो.

दुसरा गैरसमज याहून सूक्ष्म आहे. जिंकलो म्हणजे नीट खेळलो, हरलो म्हणजे चुकलो, असे मुले धरून चालतात. दीर्घकाळात शंभरापैकी ५५ डाव जिंकणारा खेळाडू या खेळात चांगलाच मानावा. त्याने २० डाव खेळले, तर त्यांत विजयांपेक्षा पराभव अधिक असण्याची शक्यता सुमारे चारात एक आहे. डाव १०० केले तरी केवळ योगायोगाने पाच विजय इकडे किंवा तिकडे सहज सरकतात. म्हणजे एका रविवारच्या निकालावरून आपण सुधारलो की बिघडलो हे कळण्याचा मार्गच नाही. तरीही तीन डाव हरताच गड्डी मोडून नवी बांधणारे विद्यार्थी मी दर वर्षी पाहतो.

शेतकऱ्याच्या मुलाला हे समजावणे अवघड जाऊ नये. पुरेसा पाऊस झाला, जमिनीत ओल बसली, म्हणून बापाने पेरले. पुढे पावसाने दडी मारली आणि दुबार पेरणीची पाळी आली. पेरण्याचा निर्णय चूक होता काय? त्या दिवशी जे ठाऊक होते त्यावरून तो तपासावा लागेल. उलट कोरड्यात पेरून नंतर पाऊस साधला, म्हणून कोणी त्या धाडसाला शहाणपण म्हणत नाही. बुद्धिबळ हा थोर खेळच आहे. पण त्यात सारा पट डोळ्यांपुढे उघडा असतो. अर्धे झाकलेले असताना निर्णय घेण्याचा सराव पत्त्यांत घडतो, आणि आपल्या मुलांच्या आयुष्यात झाकलेलेच अधिक आहे.

मग तपासायचे काय? पहिली गोष्ट क्रमाची. ज्या खेळीतून नवी माहिती मिळते ती आधी करावी. नवे पान ओढून देणारे पत्ते अगोदर खेळावेत, हल्ल्याचा निर्णय नंतर घ्यावा. एरवी हाती आलेले उत्तम पान स्फटिक संपल्यामुळे तसेच राहते. दुसरी, बेरजेची. प्रत्येक पाळीच्या आरंभी, याच पाळीत डाव संपविता येतो काय, ही बेरीज करावी. चौथीच्या मुलालाही येणारी ही बेरीज न केल्यामुळे जिंकलेले डाव हातचे जातात. तिसरी गोष्ट समोरच्याच्या हाताचा अंदाज. मांत्रिकाच्या वर्गाकडे सात स्फटिकांचे 'फ्लेमस्ट्राइक' हे पान आरंभापासून आहे. ते आपल्या बाजूच्या सर्व सैनिकांवर एकदम घाव घालते. सातवी पाळी जवळ येत असताना हातातील सर्व सैनिक पटावर ओतणे हा उतावळेपणा ठरतो. दोन बाहेर, दोन हातात, असा तोल राखावा. अर्थात समोरचा तेवढ्यात मरणार असेल तर ओतावेतही!

येथेच या विद्येतील सर्वांत मोलाचा विचार येतो. मायकेल फ्लोरेस या खेळाडू-लेखकाने १९९९ साली 'मॅजिक'विषयी लिहिताना मांडले की, दोन सारख्या गड्ड्या भिडल्या तरी एकाची भूमिका चढाईची आणि दुसऱ्याची थोपविण्याची असते; ज्याने आपली भूमिका चुकीची ओळखली तो हरतो. डाव लांबल्यावर कोणाची पाने अधिक बळकट ठरतील, हा प्रश्न स्वतःला विचारावा. ती आपली असतील तर घाई कशाला? ती समोरच्याची असतील तर थांबणे म्हणजे रोज थोडे थोडे हरणे. आणि ही भूमिका एकाच डावात पालटू शकते. कागदावरील नियम पाठ असलेला विद्यार्थी नेमका येथे अडखळतो.

क्रमवारीतील पदवीचा फार अभिमान धरू नये. ब्राँझपासून डायमंडपर्यंतच्या पायऱ्यांवर सलग विजयांना जादा तारे मिळतात आणि ठरावीक टप्प्यांखाली घसरण होत नाही. त्यामुळे बराच वेळ खेळणारा सामान्य खेळाडूही वर चढतो. पदवीत कौशल्याबरोबर फुरसतही मोजली जाते, आणि वसतिगृहातील मुलाला फुरसत थोडीच.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. पाच पानांच्या बंद पाकिटात काय निघेल ते आधी कळत नाही, आणि त्या कुतूहलावरच विक्री चालते. आपल्या मुलांनी त्यावर एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळून मिळणाऱ्या सोन्याच्या नाण्यांनीही पाकिटे घेता येतात. अतिदुर्मीळ पान घडविण्यास १६०० एकक 'धूळ' लागते आणि तसले पान मोडल्यास ४०० एकक परत मिळते. म्हणजे चार मोडावीत तेव्हा एक घडते. लहरीने गड्ड्या बदलणारा येथे कंगाल होतो. एकच वर्ग, एकच स्वस्त गड्डी धरून दोन-तीन महिने राहणारा शिकतो. पैसे लावून खेळायचे खेळ ही तर वेगळीच वाट आहे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना त्यांच्यापासून निराळे काढले, हे पालकांनीही लक्षात घ्यावे.

या खेळाला मोठे मैदान नाही, असेही नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक स्वरूपात होते आणि भूजच्या तीर्थ मेहता यांनी 'हार्थस्टोन'मध्ये कांस्यपदक मिळविले. अधिकृत पदकतालिकेत मात्र ते धरले गेले नाही. पुढे हांगचौच्या स्पर्धेसाठी हा खेळ ठरला होता. पण चीनमधील त्याचा परवाना संपला आणि तो यादीतून गळाला. खाजगी कंपनीच्या मालकीच्या खेळावर आयुष्य टांगू नये, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आठवड्यास एक तास मिळत असेल, तर त्यात तीनच डाव खेळावेत आणि उरलेल्या वेळात वही उघडावी. प्रतिस्पर्ध्याचे छापील उद्गार आरंभीच बंद करून टाकावेत. 'छान खेळलात' हे टोमणा म्हणूनच अधिक वापरले जाते. वहीत प्रत्येक डावातील ती एक पाळी लिहावी जिथे दोन वाटा खऱ्या होत्या, आणि आपण घेतलेल्या वाटेचे त्या क्षणी सुचलेले कारण लिहावे. मित्राला ती नोंद वाचून दाखवावी. डाव कोण जिंकले हे मात्र त्याचे मत ऐकून झाल्यावरच सांगावे.