मालक जागेवर हवा

दिवाळी आटोपली की घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बंगल्यांचे फोटो फिरू लागतात. कुठे कर्जतचा, कुठे नागावचा, कुठे लोणावळ्याचा. निळं पाणी, हिरवळ, झोपाळा, पाच खोल्या, वर ऐसपैस गच्ची. भाडं ऐकून आधी डोळे विस्फारतात. मग कुणीतरी ते वीस जणांत वाटून दाखवतं आणि हॉटेलपेक्षा हे स्वस्त पडतंय हे सगळ्यांना पटतं. मावशी विचारते, खाली एखादी खोली आहे ना, मला जिने चढवत नाहीत. दादा विचारतो, मटण आपण करायचं की तिथे करून देतात. पोहण्याचा तलाव किती खोल आहे आणि रात्री बंगल्यावर कोण असतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आज मला त्याबद्दल लिहायचं आहे.

बंगला भाड्याने घेऊन दोन दिवस एकत्र राहण्याला उधळपट्टी म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. मुंबई-पुण्यातल्या बहुतेक मराठी कुटुंबांकडे वीस माणसं एका छपराखाली झोपतील अशी जागाच उरलेली नाही. गावचं घर भावकीच्या वाटण्यांत गेलं, नाहीतर कुलूप लावून पडून आहे. पूर्वी बँकेत किंवा एलआयसीत नोकरी असली की महाबळेश्वर-लोणावळ्याला हॉलिडे होम मिळायचं, तेही नंबर लावून. एमटीडीसीची निवासस्थानं होती, आजही आहेत. पण तिथे अर्धं बिऱ्हाड एका खोलीत आणि अर्धं दुसरीकडे. हॉटेलात तर जेवण झालं की जो तो आपल्या दाराआड जातो. बंगल्यात हॉलमध्ये ओळीने गाद्या पडतात, एरवी लग्नकार्यात धावतपळत भेटणारी चुलत-मावस भावंडं पहाटेपर्यंत बोलत बसतात, आणि सकाळी आत्या कुणाला न विचारता चहाचं आधण ठेवते. हे सुख खरं आहे आणि त्यासाठी पैसे मोजणं योग्यच आहे. पण पैसे मोजतो आहोत, तर त्या बदल्यात काय मिळायला हवं याचा विचार आपण पुरेसा करत नाही.

अलिबागच्या खाली नागाव, रेवदंडा, मुरूड, पुढे दापोली, गुहागर या सगळ्या पट्ट्यात ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या वर्षानुवर्षं दिसतात. तिथे मालक मागच्या पडवीत राहतो. मालकीणबाई समुद्राला भरती किती वाजता लागते ते सांगतात, पोरं पुळणीकडे पळाली की ‘खडकांकडे जाऊ नका रे’ म्हणून दम भरतात. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. रात्री कुणाच्या पोटात दुखू लागलं तर डॉक्टरला कुठे गाठायचं हे घरातल्या पोरालाही माहीत असतं. या घरांत गादी पातळ असेल, गरम पाण्यासाठी बादलीची वाट पाहावी लागेल. पण काही बिनसलं तर हाक मारायला माणूस आहे, आणि त्या माणसाला उद्याही त्याच गावात तोंड दाखवायचं आहे. सगळी व्यवस्था या एका गोष्टीवर उभी आहे.

नव्या बंगल्यांत नेमकी हीच गोष्ट नाहीशी झाली. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि अलिबाग मुंबईच्या आणखी जवळ आलं. कर्जत, लोणावळा, इगतपुरीही गाडीने दोन-तीन तासांच्या टप्प्यात आहेत. गुंतवणूक म्हणून बंगले उठले. मालक मुंबईत किंवा परदेशात. बुकिंग एखाद्या कंपनीकडे किंवा चार एजंटांकडे, त्यामुळे तोच बंगला चार नावांनी आणि चार भावांनी दिसतो. बंगल्यावर प्रत्यक्ष असतो तो केअरटेकर.

या केअरटेकरबद्दल आपण जरा थांबून विचार करावा असं मला फार वाटतं. बहुधा ते एक जोडपं असतं. जवळच्या वाडीतलं, कधी दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा परराज्यातून आलेलं. मागच्या एका खोलीत त्यांचा संसार. नवरा तलाव साफ करतो, जनरेटर चालू करतो, टँकर आला की टाकी भरून घेतो, गाड्या लावून देतो. बायको वीस जणांच्या भाकऱ्या थापते, भांडी घासते. शनिवारची पार्टी पहाटे तीनला संपली तरी रविवारी सकाळी अकराला एक टोळी बाहेर जाणार आणि दुपारी एकला दुसरी आत येणार; मधल्या दोन तासांत सगळ्या चादरी बदलायच्या. पगार अनेकदा जेमतेम, वर पाहुणे देतील ती बक्षिसी. जीवरक्षक, वायरमन, चौकीदार ही सगळी कामंही याच माणसाकडून अपेक्षित असतात, आणि त्यांतल्या कशाचंही प्रशिक्षण त्याला कुणी दिलेलं नसतं. दारू प्यायलेल्या आठ जणांना ‘आता तलावात उतरू नका’ असं सांगण्याचा अधिकार त्याला आहे का? पाहुण्यांनी तक्रार केली तर त्याचीच नोकरी जाते. मालकाची जबाबदारी अशी खाली ढकलत ढकलत सगळ्यांत दुबळ्या माणसाच्या गळ्यात बांधली गेली आहे, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

तलावाचा प्रश्न सगळ्यांत गंभीर आहे. भाड्याच्या बंगल्यातल्या तलावात लहान मूल बुडाल्याच्या बातम्या लोणावळा परिसरातून आल्या आहेत. दोन दिवस हळहळ होते आणि पुढच्या शनिवारी बंगले पुन्हा भरतात. 2024 च्या 30 जूनला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हा प्रशासन हललं, पावसाळी ठिकाणांवर मनाई आदेश निघाले. धबधबा सार्वजनिक जागी असतो, म्हणून तिथे पोलीस उभा करता येतो. फाटकाच्या आतल्या तलावाकडे कुणाचीच नजर नसते.

बुडणं कसं असतं याची आपली कल्पना सिनेमातली आहे. हातपाय मारणं, ओरडणं, मग कुणीतरी उडी घेणं. लहान मूल असं बुडत नाही. नाकातोंडात पाणी गेल्यावर त्याला ओरडण्यासाठी श्वासच उरत नाही; ते गुपचूप खाली जातं, एक-दोन मिनिटांत, आणि दहा फुटांवर गप्पा मारणाऱ्यांना कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे 3 लाख माणसं बुडून मरतात आणि त्यांतला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा असतो. वीस जणांच्या घोळक्यात धोका उलट वाढतो. आईला वाटतं मूल आजोबांजवळ आहे, आजोबांना वाटतं आत झोपलंय. बंगल्याच्या हॉलचं काचेचं दार सरकवलं की तीन पावलांवर पाणी, अशीच रचना फोटोत देखणी दिसते म्हणून तशीच केली जाते.

उपाय अवघड नाहीत. तलावाच्या चारही बाजूंनी किमान चार फूट उंचीचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक. काठावर ठळक अक्षरांत खोली. चार फूट पाण्यात डोकं खाली करून सूर मारला तर मान मोडते आणि माणूस जन्मभर अंथरुणाला खिळू शकतो, हे सांगणारी पाटी. हाताशी एक लांब बांबू आणि ट्यूब. पाण्यातल्या दिव्यांच्या वायरिंगवर गळती होताच वीज तोडणारं ईएलसीबी. पाणी इतकं स्वच्छ की तळाची जाळी वरून स्पष्ट दिसावी. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं मूल दिसत नाही. आणि बुडालेल्याला वर काढल्यावर काय करायचं हे शिकलेला एक माणूस. उलटं धरून पोटातलं पाणी काढण्यात अजूनही मोलाची मिनिटं वाया घालवली जातात. खरं तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करायचं असतं, आणि त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा असतो. कोट्यवधी रुपयांच्या बंगल्याच्या हिशेबात या सगळ्याचा खर्च दिसणारही नाही. तरी तो होत नाही, कारण कुणी मागत नाही आणि सरकार विचारत नाही. ‘तलावाचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा’ एवढी पाटी लावली की आपण सुटलो असं मालकांना वाटतं. ते सुटता कामा नयेत.

थंडीच्या दिवसांत दुसरा धोका न्हाणीघरात असतो. गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावलेला असेल, वीस माणसं एकापाठोपाठ एक आंघोळीला जात असतील आणि खिडकी थंडीमुळे लावून घेतलेली असेल, तर आत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आत गेलेला माणूस बेशुद्ध होतो. पाचगणी-महाबळेश्वरला खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दार लावून झोपण्यातही हाच धोका आहे. गिझर न्हाणीघराबाहेर हवा, किंवा विजेवरचा हवा. पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी हे बघून घ्यावं.

आता सरकारबद्दल. जीएसटीच्या दृष्टीने हा बंगला घर नाही, व्यवसाय आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असलेल्या निवासाला 5 टक्के आणि त्यावरच्या निवासाला 18 टक्के कर आहे. म्हणजे कर घ्यायच्या वेळी सरकारला हा व्यवसाय दिसतो, सुरक्षा तपासायच्या वेळी मात्र ते खाजगी घर ठरतं. गोव्यात 1982 पासून पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा आहे आणि पर्यटकांना पैसे घेऊन उतरवून घेणाऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तिथेही पळवाटा आहेत, अंमलबजावणीच्या तक्रारी आहेत, पण निदान नोंदणी नसलेला बंगला बेकायदा आहे हे तरी स्पष्ट आहे. महाराष्ट्रात पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी, होमस्टे अशा जागांच्या नोंदणीची सोय आहे. तरी कसलीही नोंदणी नसलेले बंगले सर्रास भाड्याने जातात.

माझं मत स्पष्ट आहे. रात्रीच्या हिशेबाने भाड्याने जाणाऱ्या प्रत्येक बंगल्याची नोंदणी सक्तीची हवी. नोंदणी क्रमांक फाटकावर आणि जाहिरातीतही हवा. तलाव असेल तर कुंपणाशिवाय नोंदणी मिळू नये. आणि बंगल्यावर पाहुणे असताना एक जबाबदार, प्रशिक्षित माणूस तिथेच मुक्कामाला असावा. त्याचं नाव कागदावर असावं, त्याला रीतसर पगार असावा आणि पाहुण्यांना थांबवण्याचा अधिकार असावा. घरगुती सोय करणाऱ्या छोट्या माणसांवर या नियमांचं ओझं पडू नये, म्हणून एक-दोन खोल्यांच्या जागांना साधा अर्ज पुरेसा ठेवावा. बंगलेवाल्यांना आणि त्यांच्या एजंटांना मात्र सवलत नको.

गावाचाही यात हक्क आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद हवा. बंगल्याच्या हिरवळीवर वाजणारा स्पीकर शेजारच्या वाडीत झोपलेल्यांना ऐकू येतो. जागेवर मालक असता तर त्याला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने जाब विचारला असता.

पैशांबाबत थोडंच सांगतो. सगळी रक्कम आगाऊ एखाद्या अनोळखी मोबाइल नंबरवर पाठवू नका. बंगल्यावरून, केअरटेकरच्या फोनवरून व्हिडिओ कॉल मागा. खोटी जाहिरात करणारा तिथेच अडतो. फसवणूक झाली तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा. आधार मागितलं तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत द्या. अनामत रक्कम अडवून ठेवली किंवा फोटोतली सोय प्रत्यक्षात नसली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी बंगल्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत आणि वकीलही सक्तीचा नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर जाणाऱ्यांनी आपली शिस्त लावून घ्यावी. मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे बघायचं. अर्ध्या तासाने दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची. त्या वेळात फोन नाही, ग्लास नाही. दारू सुरू झाली की तलाव बंद. केअरटेकरच्या हातात निघताना द्यायचे पैसे वर्गणी काढतानाच बाजूला काढायचे, ते उरल्यासुरल्यातून देऊ नयेत. परतल्यावर बंगल्याबद्दल चार ओळी लिहाल, तेव्हा सूर्यास्ताच्या वर्णनाआधी तलावाला कुंपण होतं की नव्हतं ते लिहा, कारण पुढचं कुटुंब तेच वाचून ठरवणार आहे.

या हिवाळ्यात बंगला ठरवत असाल, तर भाड्याची घासाघीस करण्याआधी मालकाला एवढं विचारा: रात्री तिथे कोण असतं, त्याचं नाव काय, आणि त्याला पोहता येतं का? उत्तर देताना तो अडखळला, तर दुसरं घर शोधा.