काव्यातील प्रासंगिक संदर्भ आणि टिकाऊपणाचा प्रश्न

‘प्रासंगिक’ हे विशेषण मराठी काव्यसमीक्षेत बहुधा दोषवाचक म्हणूनच योजिले जाते. कवितेत व्यक्ती, स्थळे वा घटना यांची नावे आली, की ती त्या काळापुरती मर्यादित झाली, असे गृहीत धरले जाते. अक्षर वाङ्मय म्हणजे काळाच्या खुणा पुसून टाकलेले वाङ्मय, अशी ही धारणा आहे. मराठी काव्यपरंपरेचा पुरावा मात्र तिला अनुकूल नाही.

ज्ञानेश्वरीच्या समाप्तीच्या ओव्यांत गोदावरीचा तीर येतो, यादव राजा रामचंद्राचे नाव येते, शके १२१२ (इ. स. १२९०) हे वर्ष येते. या नोंदी पसायदानाला लागूनच आहेत. तरीही त्यांच्यामुळे पसायदानाची व्याप्ती उणावलेली नाही. येथे संदर्भ ग्रंथाच्या कडेला आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून जेथे तो रचनेच्या गाभ्यातच आहे, असे उदाहरण पाहणे इष्ट ठरेल.

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जन्मली. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही तत्कालीन वादातील स्थळे तीत नावानिशी येतात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले. त्या दोन नावांमागील वाद आजच्या विद्यार्थ्याला क्वचितच ठाऊक असतो. तरीही ही रचना गायिली जाते. कारण पोटासाठी मुंबईस आलेला पुरुष आणि गावी राहिलेली त्याची मैना यांच्या ताटातुटीवर खंडित प्रदेशाचे दुःख तोलले गेले आहे. संदर्भ विसरला तरी विरह कळतो, आणि विरह कळला की संदर्भाचा शोध घ्यावासा वाटतो.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. काही रचना वाचकाला आधीच ठाऊक असलेल्या वार्तेवर उभ्या असतात. वार्ता शिळी झाली की त्या कोसळतात. स्वागतपद्ये, गौरवपद्ये यांचे बहुतांशी असेच झाले. काही रचना मात्र संदर्भाला कवितेच्या अंतर्गत घडणीत काम देतात. टिकाऊपणाचा निकष संदर्भ आहे की नाही हा नसून, तो कवितेत कोणते कार्य करतो, हा आहे.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा त्यांनाही त्यातील अनेक शब्द अडले होते. म्हणजे दुर्बोधता प्रकाशनाच्या दिवशीच होती. ती काळाने आणलेली नव्हती. एकाच शहरातील दोन वस्त्यांमधील ते अंतर होते. अशा वेळी ‘सार्वकालिक’ म्हणून जी भाषा पुढे केली जाते, ती पुष्कळदा एका वर्गाच्या परिचयाची भाषा असते, हे नजरेआड करता येत नाही.

आज हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर मुंबईतील कापडगिरण्यांचे जग विरत गेले. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मधील कामगारजीवन वर्गातील विद्यार्थ्याने पाहिलेले नाही. गिरणीचा भोंगा, पाळी, बदली कामगार, खाणावळ हे शब्द त्याला समजावून द्यावे लागतात. ही अडचण टाळण्यासाठी अभ्यासक्रमात ‘संदर्भमुक्त’ कवितांची निवड करणे हा सोपा मार्ग आहे. परंतु तो कवितेवर अन्याय करणारा आहे. प्राचीन काव्याला शब्दकोश आणि टीपा पुरविताना अभ्यासक कधी संकोचले नाहीत. तीच सेवा सुर्वे, ढसाळ आणि अण्णा भाऊ यांच्या वाट्यालाही यावयास हवी. हे शब्द वापरून जगलेली माणसे आज हयात आहेत, तोवरच या टीपा विश्वसनीय रीतीने सिद्ध होऊ शकतील. संदर्भ हरवल्याने कविता मरते असे नाही. तो जपण्याची जबाबदारी अभ्यासकांनी टाळली, तर मात्र ती वाचकाला मुकते.