विश्लेषण : सौरवादळामुळे अणुभट्टीत काही बिघडते का? उत्तर पनवेलच्या नोंदींत

मे 2024 मध्ये लडाखच्या हानलेत आकाश लाल झाले. 2003 नंतरचे ते सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ होते. असे वादळ आले की प्रश्न फिरू लागतो : चुंबकत्वामुळे अणूंचे गाभे बिघडतात का?

हे चुंबकत्व मोजणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. तिचा वारसा कुलाबा वेधशाळेचा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, मोजमापे बिघडणार, म्हणून ही मोजणी 1904 मध्ये अलिबागला नेली गेली. (ट्राम गेल्या, अलिबागची नोंद सुरूच आहे.)

आकडे काय सांगतात?

पनवेल परिसरात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र 40 हजार नॅनोटेस्लांहून थोडे अधिक आहे. फ्रिजला चिकटणारा साधा चुंबकही याच्या किमान शंभरपट असतो. 1859 च्या महावादळात कुलाब्याच्या उपकरणांनी सुमारे 1,600 नॅनोटेस्लांची घट टिपली, म्हणजे जेमतेम चार टक्के. एमआरआय यंत्रात तर दीड ते तीन टेस्ला असतात, तरी रुग्णाच्या शरीरातील एकही अणू दुसऱ्या मूलद्रव्याचा होत नाही. गाभ्यातले बल त्याहून कितीतरी जबर आहे. तारापूरच्या अणुभट्टीत विखंडन चालवणाऱ्या न्यूट्रॉनवर विद्युतभारही नसतो. वादळात धोका असतो तो वीजवाहिन्या आणि ट्रान्सफॉर्मरना. 1989 मध्ये कॅनडातील क्वेबेक त्यामुळेच अंधारात गेले.

क्षेत्रानेच कण जन्माला यावेत, तर मॅग्नेटार ताऱ्याजवळ जावे लागेल. तिथे 10 अब्ज टेस्ला आणि वर. प्रकाशाच्या एका कणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघू शकते.

मग आपला काहीच संबंध नाही?

आहे, पण आडवळणाने. अवकाशातून येणारे भारित वैश्विक किरण पृथ्वीचे क्षेत्र वळवते. ढाल कमजोर झाली की जास्त किरण आत शिरतात आणि हवेतल्या अणुक्रिया वाढतात. जून 2015 च्या वादळात उटीच्या ग्रेप्स-3 प्रयोगाने सुमारे दोन तास म्यूऑन कणांचा वाढलेला मारा नोंदवला.

याच क्रियांत नायट्रोजनपासून कार्बन-14 बनतो. सुमारे 41 हजार वर्षांपूर्वी ढाल फार क्षीण झाली, तेव्हा तो अधिक बनला. म्हणून इनामगावसारख्या उत्खननातील कोळशाचे वय काढताना कच्चा आकडा तसाच घेता येत नाही. कोणत्या काळी हवेत कार्बन-14 किती होता, त्यानुसार दुरुस्ती करावी लागते.