गुळाच्या खड्याने फुफ्फुस वाचत नाही

शिरूर तालुक्यातलं रांजणगाव असो की दौंडमधलं कुरकुंभ, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डरला अजून तेच ऐकावं लागतं: गूळ खा, छाती साफ होते. गूळ पोटात जातो, धूर फुफ्फुसात. एवढं मालकालाही कळतं. पण गूळ स्वस्त आहे.

काळी काच डोळे वाचवते, श्वास नाही. रुमालही नाही, या धुराचे कण इतके बारीक की कापडातून आत जातात. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेल, साध्या स्टीलच्या धुरात मँगनीज. ते वर्षानुवर्षं शरीरात गेलं की हात थरथरू लागतात, चाल बिघडते. वस्ती म्हणते, दारूने वाया गेला! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्याच गटात घातला.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते, कारण तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे. बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला आणि १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. तेव्हा आपल्या थुंकीचा विटाळ होता. आज आपल्या फुफ्फुसात काय जातं याचं कुणाला सोयरसुतक नाही.

काही म्हणतील, वेल्डिंग सगळ्या जातींची पोरं करतात. करतात ना. मग कायम कामगारांच्या यादीत कोण आणि ठेकेदाराच्या यादीत कोण, हे एकदा मोजू या.

कारण खरी मेख तिथे आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यात मँगनीज आणि क्रोमियमचे आजार आहेत, पण अट अशी की त्याच मालकाकडे सलग सहा महिने काम झालेलं हवं. सहा महिने भरायच्या आत कागदावर ब्रेक दिला जातो तो उगाच? कर्करोग तर कित्येक वर्षांनी उघड होतो. तोवर कुठला ठेकेदार आणि कुठलं हजेरीपुस्तक!

आम्हाला मास्कवाटपाचे फोटो नकोत. धूर निघतो तिथेच तो ओढून घेणारं यंत्र हवं, आणि छातीच्या तपासणीचा कागद कामगाराच्या हातात हवा. १४ एप्रिलच्या वर्गणीसाठी आपण शेडच्या दारात जातोच. त्याच फेरीत प्रत्येक वेल्डरची वही सुरू करू: कंपनी कोणती, ठेकेदार कोण, धातू कोणता, तारीख कोणती ते कोणती. गेट पासचा फोटो त्यातच चिकटवायचा.