नुसते अनवाणी पाय नव्हते!

आमच्या होस्टेलवर नियमित अभ्यास करणाऱ्यापेक्षा "काही न वाचता पेपर काढला यार" म्हणणाऱ्याला जास्त मान आहे. सबमिशन आदल्या रात्री, वाचन परीक्षेच्या सकाळी. वर कोणीतरी दाखला देतोच, "तो इथिओपियाचा अबेबे बिकिला बघ, पायात बूटसुद्धा नव्हते, तरी ऑलिंपिक मारलं!" मित्रांनो, माझा आक्षेप या दाखल्यालाच आहे.

१० सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये बिकिला अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकला, हे खरंच. ज्या इटलीने १९३६ ते १९४१ त्याचा देश बळकावला होता, तिच्याच राजधानीत! तोवर बाहेरच्या जगात त्याचं नाव कोणाला फारसं माहीत नव्हतं. म्हणून लोकांना वाटलं, हा आकाशातून पडला.

पण सम्राटाच्या अंगरक्षक दलातला हा शिपाई ऑन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकाच्या हाताखाली कसून तयार झाला होता. अदीस अबाबा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच, तिथल्या विरळ हवेत त्याचा सराव चाले. अनवाणी धावण्याचीही सवय होती. रोममध्ये मिळालेले बूट नीट बसेनात, तेव्हा ती सवय कामी आली. एवढंच काय, शर्यतीचा रस्ता आधी बघून जोर कुठे लावायचा हेही ठरलं होतं. ती जागा म्हणजे इटलीने १९३७ मध्ये इथिओपियातून उचलून आणलेला अक्सुमचा स्तंभ. (तो अखेर २००५ मध्ये मायदेशी परतला.) आता याला जुगाड म्हणायचं का?

पुढचं तर कोणी सांगतच नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकआधी जेमतेम पाच आठवडे त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तरी तो धावला, या वेळी बूट घालून, आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांचा नवा जागतिक उच्चांक केला. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच. दुसरा आला तो चार मिनिटांनी, तोवर गडी मैदानात व्यायाम करत होता!

१९६९ मध्ये मोटार अपघातात त्याचे पाय कायमचे गेले. १९७० मध्ये तो इंग्लंडमध्ये, स्टोक मँडेव्हिलला, व्हीलचेअरवर बसून तिरंदाजीत उतरला. १९७३ मध्ये, अवघ्या ४१ व्या वर्षी, तो गेला.

कीर्ती मोठी विचित्र. तिने त्याचे अनवाणी पाय तेवढे लक्षात ठेवले, कारण त्यांचा फोटो काढता येतो. रोजच्या सरावाचा फोटो कोण काढणार? आपणही तेच करतो. टॉपरला "नशीबवान" म्हणतो, त्याच्या खोलीतला रात्रीचा दिवा विसरतो.

तेव्हा यापुढे बिकिलाचं नाव खुशाल घ्या, पण पूर्ण घ्या. नाहीतर सरळ म्हणा ना, कंटाळा आला होता!